अर्धकथानक : एका व्यापाऱ्याने स्वतःपुढे मांडलेला हिशेब

आपल्या ट्रस्टच्या स्थापनेस पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, ही आपणा सर्वांच्या दृष्टीने परम आनंदाची घटना होय. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपणही चार पाने लिहावीत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी काही विद्वान नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि गादीवर बसलो, तो आजतागायत कापडाचे तागे मोजण्यातच आयुष्य गेले. तरीही जैन इतिहासातील एका व्यापाऱ्याची हकिकत गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून बसली आहे. ती समाजबांधवांपुढे ठेवण्यास याहून योग्य प्रसंग दुसरा कोणता?

महोत्सव म्हटला म्हणजे सत्कार आले, शाली आणि श्रीफळे आली, देणगीदारांच्या नामावल्या आल्या. ते सर्व व्यवहाराला धरूनच आहे. परंतु या गजबजाटात एक प्रश्न विचारावासा वाटतो. जगाने दिलेली पावती हीच आपल्या जीवनाची खरी किंमत असते काय? सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी आग्रा शहरातील एका श्रीमाळ जैन व्यापाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर स्वतःचे सारे आयुष्य उघडे करून दिले. त्यांचे नाव कविवर बनारसीदास.

जन्म आणि बालपण

बनारसीदासांचा जन्म विक्रम संवत १६४३ च्या माघ महिन्यात (इ. स. १५८६-८७) जौनपूर येथे झाला. तो बादशहा अकबराचा काळ होता. आजोबा मूलदास माळव्यात एका मोगल अंमलदाराचे मोदी होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्या अंमलदाराने घरदार जप्त केले आणि विधवा आजी लहानग्या खड्गसेनाला घेऊन माहेरी जौनपुरास आली. हे खड्गसेन म्हणजे बनारसीदासांचे वडील. पुढे त्यांनी जवाहिराच्या धंद्यात जम बसवला.

बालकाचे मूळ नाव विक्रमाजीत. आईवडील त्याला घेऊन बनारसला भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनास गेले असता तेथील पुजाऱ्याने ध्यान लावल्यासारखे केले आणि देवाच्या यक्षाने आपणास सांगितले, असे म्हणून मुलाला प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव देण्यास सुचवले. गंमत अशी की, हा पुजाऱ्याचा बनाव होता हे पुढे बनारसीदासांनीच लिहून ठेवले आहे. आपल्या नावाची दैवी कथा लोकांनी श्रद्धेने मानली असती. पण खोट्या मोठेपणाचे ते पहिलेच नाणे त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला काढले.

मुलगा बुद्धिमान होता. चौदाव्या वर्षी पंडितांपाशी कोश, ज्योतिष, अलंकार यांचा अभ्यास झाला. खरतर गच्छाचे मुनी भानुचंद्र यांच्याकडे सामायिक, प्रतिक्रमण आणि छंदशास्त्र शिकणे झाले. त्याच वयात शृंगाराचे वेडही लागले. वडिलांच्या घरातून माणके चोरण्यापर्यंत मजल गेली. नवरसांवर एक हजार पद्यांचा ग्रंथ रचला गेला, त्यात बहुतांशी शृंगारच होता. मित्रमंडळींत वाहवा होऊ लागली. विशी गाठण्यापूर्वीच कवी म्हणून नाव झाले.

गोमतीच्या पुलावर

इ. स. १६०५ च्या उत्तरार्धात अकबर बादशहा निवर्तल्याची वार्ता जौनपुरात येऊन थडकली. बनारसीदास जिन्यावर बसले होते. ती ऐकताच घेरी येऊन खाली कोसळले आणि डोके फुटले. शहरात हाहाकार उडाला. लोकांनी दुकानांच्या फळ्या लावल्या, दागिने जमिनीत पुरले, चांगली वस्त्रे लपवून जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढवली. दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आले की जहांगीर तख्तावर बसला असून सर्व कुशल आहे, तेव्हा कोठे बाजार उघडले. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे वर्णन वाचताना बंद आणि दंगलीचे दिवस आठवल्यावाचून राहत नाहीत.

या आघाताने तरुण बनारसीदास विचारात पडले. एका संन्याशाने दिलेल्या मंत्राचा त्यांनी पूर्ण वर्षभर जप केला होता. वर्ष संपल्यावर दारात रोज एक दीनार पडलेली दिसेल असे आश्वासन होते. दीनार काही मिळाली नाही. नंतर एका जोग्याने दिलेला शंख ते सदाशिव म्हणून पूजत होते. आपण पडलो तेव्हा त्याने आपल्याला का वाचवले नाही, असा प्रश्न त्यांना पडला आणि ती पूजा सुटली.

त्यानंतरची घटना त्यांच्या जीवनातील पहिले मोठे वळण होय. एके दिवशी ते मित्रांसह गोमती नदीच्या पुलावर बसून आपला तो हजार पद्यांचा ग्रंथ वाचत होते. वाचता वाचता मनात आले की, एक असत्य बोलणाराही अधोगतीला जातो, मी तर असत्य कल्पनांचा हा डोंगर रचला आहे. माझी गत काय होईल? त्यांनी ते बाड उचलले आणि नदीत भिरकावून दिले. पाने पाण्यावर पसरली. मित्र हळहळले. ज्या रचनेने कीर्ती दिली, तीच रचना कवीने आपण होऊन बुडवली. कोणी निंदा केली म्हणून नव्हे आणि कोणी बंदी घातली म्हणूनही नव्हे. बाहेर सगळीकडे प्रशंसाच होती. नापसंती आली ती आतून. त्या दिवसापासून शृंगाराचा नाद सोडून ते श्रावकाचे नियम पाळू लागले.

आग्र्याची पेठ

संवत १६६७ (इ. स. १६१०-११) मध्ये वडिलांनी जवाहीर, वीस मण तूप, दोन बुधले तेल आणि जौनपुरी कापड असा माल देऊन त्यांना आग्र्यास धाडले. अनुभव नव्हता. काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधली होती, ती गळून पडली. काही माणके कपड्यात गाठ मारून ठेवली, तो कपडाच उंदराने ओढून नेला. बघता बघता भांडवल संपले आणि घरातील चीजवस्तू विकून खाण्याची वेळ आली.

अशा अवस्थेत ते सायंकाळी घरी बसून ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमकाव्ये गात. दहावीस माणसे ऐकायला जमत. त्यात एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून उधारीने कचोऱ्या नेत. शेवटी संकोचून त्यांनी एकांतात त्याला आपली खरी स्थिती सांगितली आणि यापुढे उधार देऊ नकोस म्हणून विनवले. त्या भल्या माणसाने, खुशाल खा, पैशाची चिंता करू नका, असा धीर दिला. असे कित्येक महिने चालले. पुढे सासरकडील एका नातलगाने आश्रय दिला, धंद्यात भागीदारी मिळाली आणि कचोऱ्यांचे चौदा रुपयांचे देणे त्यांनी चुकते केले. साडेतीन शतकांहून अधिक काळ लोटला, तरी त्या उधारीचा आकडा आपणास ठाऊक आहे. देणेकऱ्याने स्वतःच तो नोंदवून ठेवला म्हणून!

पुढे हात हलवीत ते खैराबादला सासुरवाडीस गेले. पत्नीने रात्री विचारपूस केली आणि स्वतःजवळ साठवलेले वीस रुपये पतीच्या हाती ठेवले. नंतर आपल्या आईला विश्वासात घेऊन तिच्याकडून दोनशे रुपये मिळवून दिले. ही गोष्ट कोठे बोलू नकोस, ते फार संकोची आहेत, असेही तिने आईला बजावले. या भांडवलावर पुन्हा कापड व मोती खरेदी करून ते आग्र्यास आले. मोत्यांत नफा झाला, कापडाला मात्र उठाव नव्हता. मंदीत माल अंगावर पडणे म्हणजे काय, हे आम्हां कापडवाल्यांना निराळे सांगण्याची गरज नाही.

याच आग्र्यात साहू सबलसिंग नावाचे मोठे धनिक होते. त्यांच्याबरोबरच्या भागीदारीचा हिशेब पुरा करण्यासाठी बनारसीदास रोज त्यांच्या हवेलीवर खेटे घालू लागले. तेथे गवई गात असत, पखवाज वाजत असे आणि भाट साहूंची स्तुती करीत असत. उद्या पाहू, परवा पाहू असे करता करता महिने निघून गेले. अखेरीस साहूंचे मेहुणे मध्यस्थ झाले तेव्हा हिशेब मिटला. स्वतःची स्तुती ऐकण्यात दंग झालेल्या माणसाला आपल्याच वहीकडे पाहण्यास वेळ नसतो, याचे याहून बोलके चित्र मी तरी वाचलेले नाही.

निंदेचा आणि अंतर्मुखतेचा काळ

संवत १६८० (इ. स. १६२३) मध्ये अरथमल ढोर नावाच्या एका अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांच्या हाती पांडे राजमल्लांच्या टीकेसह ‘समयसार’ दिला. आचार्य कुंदकुंदांचा हा ग्रंथ आत्म्याचे शुद्ध स्वरूप निश्चय नयाच्या दृष्टीने सांगणारा. बनारसीदासांनी निश्चय तेवढा उचलला आणि व्यवहार सोडून दिला. क्रियाकांडावरील श्रद्धा उडाली, पण आत्मानुभवाचा रस काही हाती आला नाही. चंद्रभान, उदयकरण, थानमल आणि ते स्वतः असे चौघे मित्र बंद खोलीत वस्त्रे उतरवून, आम्ही अपरिग्रही मुनी झालो, असे म्हणत फिरत. देवापुढचा नैवेद्यही खात. श्रावक आणि यती दोघेही त्यांना ‘खोसरामती’ म्हणून हिणवू लागले. चौघांनी केलेल्या गोष्टीत नाव मात्र एकट्या बनारसीदासांचे गाजले. बाकी तिघांची चर्चा झाली नाही, हे पंडित म्हणून प्रसिद्ध होते म्हणून त्यांची झाली. कीर्ती ही अशी दुधारी असते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जगाच्या मताची पर्वा न करणे आणि अंतर्मुख होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या काळात बनारसीदास लोकनिंदेला जुमानत नव्हते, परंतु ते आत्मतृप्तही नव्हते. लोकांना धक्का देण्यातही लोकांकडेच लक्ष असते. सुमारे बारा वर्षे ही दोलायमान अवस्था टिकली.

संवत १६९२ (इ. स. १६३५) मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले आणि त्यांनी ‘गोम्मटसारा’वर प्रवचने केली. जीव ज्या गुणस्थानावर असेल, त्याला अनुरूप अशी क्रिया असते. निश्चय आणि व्यवहार परस्परांचे वैरी नाहीत. चौदा गुणस्थानांची ही शिडी समजताच बनारसीदासांच्या मनातील संशय फिटला. पुढल्याच वर्षी, संवत १६९३ (इ. स. १६३६) मध्ये, त्यांनी ‘समयसार नाटक’ पूर्ण केले. रूपचंद, चतुर्भुज, भगवतीदास, कुंवरपाल आणि धर्मदास या पाच स्वाध्यायी मित्रांचा त्यांनी या ग्रंथात आवर्जून उल्लेख केला आहे. आग्र्याची ही अध्यात्म शैली म्हणजे संसारी लोकांची स्वाध्याय मंडळी होती. दिवसभर पेढीवर बसावे आणि अवकाश मिळताच आत्मचर्चा करावी, असा त्यांचा क्रम. पुढे जयपूर प्रांतातील जैन विचारावर या मंडळीचा मोठा प्रभाव पडला.

अर्ध्या आयुष्याचा ताळेबंद

संवत १६९८ (इ. स. १६४१) मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘अर्धकथानक’ लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून ही अर्ध्या आयुष्याची कथा, म्हणून हे नाव. पावणेसातशे पद्यांच्या या ग्रंथास आज हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानतात. तोपर्यंत तीन विवाह झाले होते. सात पुत्र आणि दोन कन्या अशी नऊ अपत्ये जन्मून निवर्तली होती. पाने गळून गेलेल्या वृक्षांसारखे पतिपत्नी तेवढे मागे उरले होते. हे दुःख त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितले आहे, कोठेही सहानुभूतीची याचना नाही.

ग्रंथाच्या शेवटी त्यांनी स्वतःचे गुण आणि दोष जमा-खर्चाच्या दोन बाजूंसारखे मांडले आहेत. क्षमाशील आहे, संतोषी आहे, मधुर बोलतो, काव्य चांगले वाचतो, अनेक देशभाषा जाणतो, कुव्यसन नाही, ही जमेची बाजू. आणि दुसरी बाजू? क्रोध, मान, माया पाण्यावरच्या रेषेइतकेच उरले आहेत, पण लक्ष्मीचा लोभ मात्र विशेष आहे! नफा झाला की हर्ष होतो, तोटा झाला की शोक. जप, तप, संयम होत नाही. हसणे अनावर होते. सभेत रंगात आलो की खोट्या गोष्टीही रचून सांगतो. एकांत मिळाला की नाचू लागतो. अकस्मात भीती वाटते. स्वतःला त्यांनी उत्तम पुरुष म्हटले नाही आणि अधमही म्हटले नाही. गुण आणि दोष दोन्ही सांगणारा तो मध्यम, आणि मी त्यांपैकी एक, एवढेच त्यांचे म्हणणे.

दुर्जन हे वाचून हसतील, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. तरीही लिहिले. आपल्या तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात परनिंदा आणि आत्मप्रशंसा यांना नीच गोत्राच्या बंधाचे कारण सांगितले आहे. बनारसीदासांनी नेमके उलट केले. परक्यांचे उपकार आठवणीने नोंदवले आणि स्वतःचे दोष मोजून दाखवले.

यानंतर ते फार वर्षे जगले नाहीत. संवत १७०१ मध्ये आग्र्याच्या जगजीवन यांनी त्यांच्या स्फुट रचना ‘बनारसी विलास’ या नावाने एकत्र केल्या. ‘अर्धकथानक’ मात्र सुमारे तीनशे वर्षे हस्तलिखितातच राहिले. इ. स. १९४३ मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी ते आपल्याच मुंबईतून प्रकाशात आणले, ही महाराष्ट्रातील जैन समाजाला अभिमानाची बाब आहे. पुढे इ. स. १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांच्या इंग्रजी अनुवादामुळे हा ग्रंथ जगभरातील अभ्यासकांपर्यंत पोहोचला.

बनारसीदासांविषयी एक दंतकथा प्रचलित आहे. ते बादशहा शहाजहानचे बुद्धिबळातील सोबती होते, असे सांगतात. ‘अर्धकथानका’त तिचा कोठेही उल्लेख नाही. कचोरीवाल्याची चौदा रुपयांची उधारी लिहिणाऱ्या माणसाने बादशहाच्या मैत्रीबद्दल एक अक्षर लिहू नये, यातच काय ते आले. थोर माणसाला राजदरबाराची मोहोर लागल्याशिवाय आपले समाधान होत नाही. ती गरज आपली आहे, बनारसीदासांची नव्हती.

माझा स्वतःचा धडा

आता थोडे स्वतःविषयी लिहितो, कारण त्यावाचून हा लेख अपुरा राहील. काही वर्षांपूर्वी एका गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. जुन्या दात्यांची नावे संगमरवरी शिलेवर कोरली गेली. माझ्या दिवंगत वडिलांनी त्या मंदिरास त्या काळच्या मानाने मोठी रक्कम दिल्याचे आमच्या दुकानाच्या जुन्या वहीत धर्मादाय खाती नोंदलेले होते. शिलेवर मात्र त्यांचे नाव नव्हते. मला फार लागले. त्या मंदिरात जाणे मी सोडले. संवत्सरीच्या दिवशी गावभर मिच्छामि दुक्कडम् म्हणत फिरलो, पण तेथील कार्यवाहांचे घर तेवढे टाळले. प्रतिक्रमण करणारा मीच होतो आणि गाठ बांधून ठेवणाराही मीच.

त्याच सुमारास ‘अर्धकथानक’ वाचनात आले. लक्ष्मीच्या लोभाची कबुली वाचली आणि माझा लोभ तर नावाचा आहे, हे उमगले. पुढच्या पर्युषणात त्या कार्यवाहांकडे गेलो. वयाने वडील असलेल्या त्या गृहस्थांनी काही न बोलता जुने पावतीपुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. तारीख तीच होती, रक्कमही तीच. नावाच्या जागी लिहिले होते, ‘एक सद्गृहस्थ’. खाली वडिलांची सही होती. नाव लिहू नये, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. ज्या मानासाठी मी दोन वर्षे जळत होतो, तो मान वडिलांनी आपण होऊन नाकारला होता. मी त्यांच्या सहीकडे पाहत बराच वेळ बसून राहिलो.

आपले शास्त्र सांगते की यश मिळणे हेसुद्धा यशःकीर्ती नामकर्माचे फळ आहे आणि अपयश हे अयशःकीर्ती नामकर्माचे. दोन्ही पुद्गलाचे खेळ आहेत, आत्म्याचे गुण नव्हेत. आत्म्याचे स्वतःचे धन म्हणजे ज्ञान, दर्शन, सुख आणि वीर्य. ते कोणी देऊ शकत नाही आणि शिलेवरून गाळूही शकत नाही. उत्तराध्ययन सूत्रातील मृगापुत्राच्या वर्णनात निंदा आणि प्रशंसा, मान आणि अपमान यांत सम राहणे हे साधूचे लक्षण सांगितले आहे. आपण गृहस्थ आहोत, एवढी समता आपणास एकदम साधणार नाही. परंतु रोज अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक ही त्याच समतेची उजळणी आहे.

याचा अर्थ सत्कार करू नयेत किंवा दात्यांची नावे लिहू नयेत, असा मुळीच नाही. अनुमोदना हासुद्धा धर्मच आहे. इतरांचे गुण आपण अवश्य गावेत, बनारसीदासांनीही ते गायले. फक्त आपले नाव कोणी गाईल, या आशेवर आपली धर्मक्रिया टांगून ठेवू नये. ट्रस्टचे हिशेब दरवर्षी लेखापरीक्षक तपासतात. अंतरीचा हिशेब तपासणारा मात्र आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही आणि तेथे खोटी नोंद चालत नाही.

या पन्नास वर्षांत आपल्या संस्थेसाठी झटलेल्या, नावे छापली गेलेल्या आणि न छापली गेलेल्या सर्व बंधुभगिनींना मी विनम्र वंदन करतो. माझ्या लिखाणात जिनाज्ञेच्या विरुद्ध काही आले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!